आजोबांच्या ट्रंकेतली जर्मन पट्टी : कारखाना कोणता, कसं ओळखायचं?

कोयनाकाठ (धागालेखक)

नमस्कार मंडळी. आजोबा 5 व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. गावच्या घराला रंग द्यायचा म्हणून माळ्यावरची त्यांची लोखंडी ट्रंक खाली काढली. आत डिस्चार्जचं पुस्तक, दोन पट्टे, एक वस्तरा आणि रुमालात गुंडाळलेली पदकं होती. पदकांत एक तारा आहे, 'इटली स्टार'. त्याच्या मागे आजोबांचा नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं आहे, त्यामुळे त्याबद्दल काही प्रश्न नाही.

प्रश्न आहे तो दुसऱ्या वस्तूचा. लांबट, आडवी धातूची पट्टी आहे. मधे चौकोन, त्यात गरुड आणि नाझींचं चिन्ह, खाली संगीन आणि हातबाँब एकमेकांवर फुली मारल्यासारखे. दोन्ही बाजूंना पानं आणि किरणांसारख्या रेघा. मागे साडीच्या पिनेसारखी टाचणी. रंग राखाडी, खाचांमधून तपकिरी झाक. फूटपट्टीवर साधारण 97 मिलिमीटर भरते.

घरात कुणालाच काही ठाऊक नाही. आत्या म्हणते, आजोबांनी ती एका जर्मन अधिकाऱ्याच्या छातीवरून काढून आणली. काका म्हणतात, तिकडेच बाजारात घेतली असेल. ही नक्की काय आहे, कुणी बनवली आणि खरी आहे का? आईने पितळ समजून एका टोकाला चिंच लावली, तेवढा भाग पांढरट पडलाय.

नाणेवेडा

आधी एक विनंती. चिंच, लिंबू, रांगोळी, पितांबरी यातलं काहीही आता लावू नका. हे पितळ नाही, जस्त आहे. जस्ताला आंबट चालत नाही, आणि गेलेला मुलामा परत येत नाही. पांढरट पडलं ते तसंच राहू द्या.

वस्तू ओळखीची आहे. जर्मनीत तिला 'नाहकाम्फ-श्पांगे' म्हणत, म्हणजे हातघाईच्या लढाईची पट्टी. 25 नोव्हेंबर 1942 ला सुरू झाली. डाव्या खिशाच्या वर, बाकी सगळ्या फितींच्याही वर लावायची. हातघाईचे 15 दिवस भरले की ब्राँझ, 30 भरले की रौप्य, 50 भरले की सुवर्ण. हे दिवस वर्षांनुवर्षांच्या लढाईतून एकेक करून मोजले जात, म्हणून 50 पर्यंत पोचणारे फार थोडे. सुवर्णपट्टी सगळ्या सैन्यात मिळून सहाशेच्या आसपास लोकांनाच मिळाली. तुमची ब्राँझ श्रेणीची दिसते, म्हणजे मुलामा ब्राँझच्या रंगाचा, आतला धातू जस्तच. खाचांतली तपकिरी झाक हा तिचाच उरलेला रंग.

आता कारखान्याचं. पुढची बाजू बघून कारखाना सांगता येणार नाही. सगळ्यांनी एकाच नमुन्यावरून बनवल्या, आणि तो नमुना बर्लिनच्या पीकहाउस यांचा. वेगवेगळ्या कारागिरांचा हात दिसतो तो मागच्या बाजूला. त्यामुळे मागचे फोटो टाका, खिडकीजवळच्या तिरप्या उजेडात. चार गोष्टी नीट दिसायला हव्यात : टाचणीची बिजागरी, टाचणीचा आकार (चपटी, गोल की पन्हळी), टाचणी अडकवायचा आकडा, आणि मधल्या चौकोनामागचा पत्रा. काही अक्षरं असतील तर तीही, पण अक्षरांवर फार भिस्त ठेवू नका.

आणि लोहचुंबक लावून पाहा. पट्टीला चिकटू नये, मधल्या पत्र्याला चिकटावा.

मुशाफिर

मस्त धागा! माझ्या आजोबांच्या ट्रंकेत फक्त डांबरगोळ्या आणि सातबाराचे उतारे होते.

कोयनाकाठ

मागचे फोटो टाकलेत. लोहचुंबक लावला. अगदी तुम्ही म्हणालात तसंच. पट्टीला काही नाही, मधल्या चौकोनी पत्र्याला टचकन चिकटला. पत्रा काळा आहे, कडेने थोडा गंजलाय. पत्रा वेगळा बसवलेला आहे आणि आजूबाजूचा धातू थोडा दाबून तो पकडलाय. डाग दिलेला दिसत नाही.

भिंगातून मागे अक्षरंही सापडली. उठावाची आहेत, खोदलेली नाहीत. डाव्या बाजूला 'फेक. डब्ल्यू. ई. पीकहाउस बर्लिन'. उजव्या बाजूला 'आउस्फ. ए. जी. एम. यु. के. गाब्लोंझ', त्यातली दोन अक्षरं नीट उमटलेली नाहीत. 'फेक.' म्हणजे काय? पीकहाउस हा कारखाना आहे का?

नाणेवेडा

नाही, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात. 'फेक.' हे लॅटिन 'फेकिट', म्हणजे 'याने घडवलं'. चित्रकार चित्राखाली सही करतो, तशी ही नमुना करणाऱ्याची सही. पीकहाउस यांचं नाव अनेक पट्ट्यांवर असतं, कारण आराखडा त्यांचा. ज्याने माल तयार केला त्याचं नाव 'आउस्फ.' या शब्दापुढे येतं. तो 'आउस्फ्युरुंग'चा संक्षेप, म्हणजे प्रत्यक्ष काम. पाणबुडीवाल्यांसाठी 15 मे 1944 ला जी पट्टी निघाली तिच्यावरही हीच जोडी आहे. एका बाजूला आराखडा पीकहाउसचा, दुसऱ्या बाजूला काम बर्लिनच्या श्वेरिन कारखान्याचं. तिथे 'फेक.'ऐवजी 'एंटवुर्फ', म्हणजे आराखडा, असं सरळ जर्मन लिहिलंय.

'ए. जी. एम. यु. के.' म्हणजे 'आर्बाइट्सगेमाइनशाफ्ट मेटाल उंड कुन्स्टश्टोफ', धातू आणि प्लॅस्टिक काम करणाऱ्यांचा संघ, मुक्काम गाब्लोंझ. नावावरूनच कळतं की हा एका मालकाचा एक कारखाना नव्हे, अनेकांनी मिळून केलेली जोडणी. म्हणून या शिक्क्याच्या दोन पट्ट्यांच्या टाचण्या वेगवेगळ्या दिसल्या तरी लगेच एकीला नकली म्हणू नये.

हातघाईच्या पट्टीवर तुम्हाला अजून दोन संक्षेप भेटतील. 'एफ अँड बी एल' म्हणजे ल्युडेनशाइडचे फुंके उंड ब्र्युनिंगहाउस. 'जे. एफ. एस.' म्हणजे गाब्लोंझचेच योझेफ फाइक्स आणि मुलगे. आणि पुष्कळ पट्ट्यांवर काहीच नसतं. अशा बिननावी पट्टीचा कारखाना ठरवायचा तर नावाच्या पट्ट्यांशी मागची बाजू ताडून पाहायची. तीच बिजागरी, तीच टाचणी, साच्यातला तोच दोष सापडला तर घराणं सापडलं. शिवराई नाणी गोळा करणाऱ्यांना हे नवं नाही. 'श्री राजा शिव' मधला 'शि' ऱ्हस्व की दीर्घ, ठिपके किती, यावरून आपण छाप वेगळे काढतो, तसंच हे.

ओतारी

नमस्कार, मी कोल्हापूरचा. आमचं ओतकामाचं वर्कशॉप आहे, आता जास्त करून जस्ताच्या मिश्रधातूचं डाय-कास्टिंग. पदकांतलं मला काही कळत नाही, पण फोटो बघून राहवलं नाही, कारण हे आमचंच काम आहे.

ठोकलेला माल आणि ओतलेला माल यांत फरक असतो. ठशाखाली पत्रा दाबला की कडा धारदार येतात आणि धातूचा कण घट्ट होतो. ओतलेल्या मालाच्या अंगावर साच्याच्या खुणा राहतात. कोयनाकाठ, तुमच्या दुसऱ्या फोटोत खालच्या कडेला जी बारीक जाड रेघ आहे ती साच्याच्या दोन भागांमधून बाहेर आलेला धातू, आम्ही त्याला फ्लॅश म्हणतो. नंतर कानशीने काढायचा असतो. इथे घाईघाईने काढलाय, तिरप्या रेघा दिसतात. मागच्या बाजूला जे दोन फिकट गोल आहेत, ते साच्यातून माल बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे ठसे असावेत. आणि ती दोन अक्षरं उमटली नाहीत ती झिजल्यामुळे नव्हे. जस्त तिथवर पोचेपर्यंत थंड झालं. आमच्याकडे रोज सकाळच्या पहिल्या दहा नगांत हे होतं, कारण साचा तापलेला नसतो.

अक्षरं उठावाची आहेत हे चांगलं. उठावाचं अक्षर साच्यातच असावं लागतं. खोदलेलं अक्षर कुणीही, कधीही, हातोडी आणि पंच घेऊन मारू शकतो.

आता नकलेचं. खऱ्या वस्तूवरून साचा घेऊन पुन्हा ओतली तर नक्कल लहान होते, कारण जस्त थिजताना आक्रसतं. हे आक्रसणं एक टक्क्याच्या आतबाहेर असतं. 97-98 मिलिमीटरच्या पट्टीत म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. फूटपट्टीने ते कळणार नाही, व्हर्निअर लागेल. आणि नकलेत बारकावे मऊ पडतात. पानांच्या शिरा, गरुडाच्या पंखांतल्या रेघा, हातबाँबच्या दांड्याचं टोक, हे आधी जातं.

नाणेवेडा

ओतारीदादा, फार मोलाची माहिती. इतकी वर्षं मी 'गोल खुणा' म्हणून नोंदी करत होतो, त्या का येतात ते आज कळलं.

कोयनाकाठ, व्हर्निअर मिळेल का?

कोयनाकाठ

गावातल्या गॅरेजमध्ये मिळाला. तीनदा मोजलं : लांबी 97.6, मधली उंची 26 ला किंचित कमी. पंखांवरच्या रेघा भिंगाशिवायही दिसतात.

मुशाफिर

एक आगाऊ प्रश्न. मुंबईच्या चोरबाजारात एकाने मला छोटा गरुड दाखवला होता, खाली पट्टीत '1939' लिहिलेलं, मागे 'एल/58'. म्हणाला, नंबर आहे म्हणजे शंभर टक्के अस्सल. घ्यायला हवा होता का?

नाणेवेडा

बरं झालं घेतला नाहीत. हा विषय थोडा लांबेल, पण मूळ धाग्यालाही उपयोगी आहे.

तुम्ही पाहिली ती लोहक्रॉस या जर्मन शौर्यपदकाची 1939 ची पट्टी. पहिल्या महायुद्धात ज्याला 1914 चा लोहक्रॉस मिळाला होता आणि दुसऱ्या युद्धात त्याने तो पुन्हा मिळवला, त्याला नवा क्रॉस न देता ही पट्टी देत. पहिल्या वर्गाच्या पट्टीला मागे टाचणी. दुसऱ्या वर्गाच्या लहान पट्टीला मागे पाय, ते बटनाच्या काजातल्या फितीत खुपसून दुमडायचे. हातघाईच्या पट्टीसारखी ही ओतलेली नसते, ठोकलेली असते. सुरुवातीच्या पितळी जातीच्या मिश्रधातूत, पुढे जस्तात. तांबं तोफगोळ्यांना लागत होतं, त्यामुळे बिल्ल्यांच्या वाट्याला जस्त आलं. कुठल्याही कारखान्याच्या मालात हा बदल दिसला की काळाचा अंदाज येतो. आधीचा माल जड, मुलामा टिकलेला. नंतरचा हलका, राखाडी, मुलामा फोड आल्यासारखा सुटलेला.

नंबरांच्या दोन वेगळ्या रांगा आहेत. सरकारने वाटलेल्या बिल्ल्यांवर नुसता आकडा. सैनिकाने दुकानातून स्वतःच्या पैशाने दुसरा नग घेतला तर त्यावर 'एल' आणि आकडा, हा पदक बनवणाऱ्यांच्या संघटनेचा. एकाच कारखान्याचे दोन आकडे असतात. बर्लिनचे युंकर एकीकडे 2, दुसरीकडे एल/12. ल्युडेनशाइडचे डॉइमर 3 आणि एल/11. तिथलेच श्टाइनहाउअर उंड ल्युक 4 आणि एल/16. या दोन रांगा एकमेकींत मिसळल्या की भलतंच नाव निघतं, आणि विकणाऱ्यांच्या यादीत असे घोळ नेहमी दिसतात.

एल/58 म्हणजे व्हिएन्नाचे सुवाल. हा कारखाना युद्धानंतरही चालू राहिला आणि त्याने जुन्या पद्धतीचे बिल्ले संग्राहकांसाठी पुन्हा बनवले, तोच आकडा ठोकून. म्हणजे कारखाना खरा, आकडा खरा, तरी वस्तू युद्धकाळातली नाही. अशा वेळी आकडा काहीच सांगत नाही. बिजागरी कशी आहे, धातू कोणता आहे, ठशाला पडलेली चीर कुठवर गेली आहे, हे बघावं लागतं. ठसा वापरता वापरता तडकतो. ती चीर प्रत्येक नगावर उमटते आणि लांबत जाते. लहान चिरेचा नग आधीचा, मोठ्या चिरेचा नंतरचा. दहा-वीस नग शेजारी ठेवले की रांग आपोआप लागते.

विमानदळाच्या उड्डाणांच्या पट्ट्या हा आणखी वेगळा प्रकार. 30 जानेवारी 1941 पासून सुरू झाल्या. 20, 60 आणि 110 उड्डाणांना ब्राँझ, रौप्य, सुवर्ण. त्यांच्या मधलं चित्र वेगळं बनवून रिव्हेट मारून बसवलेलं असतं. तिथे कारखाना शोधायचा तर मी आधी रिव्हेटचं डोकं बघतो.

रानजाई

मी इतका वेळ वाचते आहे. माहिती उत्तम आहे, पण एक गोष्ट मनात अडकली, म्हणून विचारते. ही पट्टी माणसं मारण्याच्या दिवसांचा हिशेब आहे, आणि त्यावर ते चिन्ह आहे. आपण टाचणी चपटी की गोल यावर इतकं बोलतो, तेव्हा ते विसरून जात नाही ना?

म्युनिककर

रानजाईताई, रास्त प्रश्न आहे. मी गेली काही वर्षं इकडे जर्मनीत, बव्हेरियात राहतो. इथे दंडसंहितेच्या कलम 86 (अ) प्रमाणे ही चिन्हं जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे. अभ्यास, शिक्षण, कला यांना सवलत. जुन्या बाजारात असा बिल्ला विकायला ठेवला तर विक्रेता चिन्हावर कागदाचा तुकडा चिकटवतो. 26 जुलै 1957 च्या कायद्याने माजी सैनिकांना जुनी पदकं चिन्हाशिवाय लावायची मुभा मिळाली. तेव्हा या पट्टीची नवी आवृत्ती निघाली, गरुड नाही, चिन्ह नाही, फक्त संगीन आणि हातबाँब. तीही बाजारात खूप दिसते, आणि ती नकली नसते, वेगळ्या काळाची असते.

माझं मत असं, की काळजीपूर्वक ओळखणं आणि मिरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नकली माल बनवणारे आणि पट्टीभोवती शौर्यकथा गुंफून विकणारे, दोघांचंही फावतं ते आपण नीट बघत नाही म्हणून.

गाब्लोंझबद्दल थोडं. ते आजचं चेक प्रजासत्ताकातलं याब्लोनेत्स. काचेचे मणी आणि खोट्या दागिन्यांचं गाव, तिथल्या काचेच्या बांगड्या हिंदुस्थानात येत. आपल्या पणज्यांच्या हातात गाब्लोंझची काकणं असू शकतील. दागिन्यांना टाचण्या, बिजागऱ्या, आकडे लावणारे हातच पुढे बिल्ल्यांना लावू लागले. 1945 नंतर तिथल्या जर्मनभाषकांना हाकलण्यात आलं. त्यातल्या पुष्कळांनी इकडच्या काउफबॉयरेनजवळ, स्फोटकांच्या मोडक्या कारखान्याच्या जागेवर 'नॉयगाब्लोंझ', म्हणजे नवं गाब्लोंझ, वसवलं आणि पुन्हा खोटे दागिने बनवायला लागले. मी तिथलं संग्रहालय पाहिलंय. तसंच ल्युडेनशाइड हे बटनं आणि बकलांचं गाव, फोर्त्सहाइम सोन्याच्या दागिन्यांचं. कुठल्या गावाचा हात कशावर बसला होता हे माहीत असलं की मागच्या बाजूची घडण समजायला सोपी जाते.

रानजाई

धन्यवाद. काकणांचं माहीत नव्हतं. आता ती बिजागरी वेगळीच दिसायला लागली.

कोयनाकाठ

मी रात्री सगळं पुन्हा वाचलं. रानजाई यांच्या प्रश्नावर मला एवढंच सांगायचंय. आजोबांच्याच रेजिमेंटमधल्या यशवंत घाडगे यांची हकीकत आमच्या घरात लहानपणापासून सांगितली जायची. 10 जुलै 1944, तायबर नदीचं वरचं खोरं, 3 री बटालियन. तुकडीतले बाकी सगळे पडले, तेव्हा ते एकटे मशीनगनवर धावून गेले. बाँब टाकला, एकाला टॉमीगनने मारलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजाच्या गोळ्या लागून तिथेच गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. 2023 मध्ये इटलीत मोन्तोने गावी त्यांचं स्मारक झालं. म्हणजे ज्या 'दिवसां'साठी ही पट्टी द्यायचे, तसल्या दिवसाच्या पलीकडच्या बाजूला आमची माणसं उभी होती. आजोबांनी ही पट्टी कधी कुणाला दाखवली नाही. इटली स्टार मात्र 15 ऑगस्टला लावायचे. म्हणून ती नीट ओळखावी असं मला वाटतं.

आता आत्याची गोष्ट खरी की काकांची?

नाणेवेडा

दोन्हींतली कुठलीच वस्तूवरून सिद्ध होत नाही, आणि हे स्पष्ट सांगणं मला भाग आहे. आजोबांच्या ताऱ्यावर त्यांचं नाव आहे, कारण हिंदुस्थानी सैनिकांना दिलेल्या ताऱ्यांवर नावं ठोकली जात. जर्मन पट्टीवर नाव नसतं. ती एका छातीवर होती, की कोठारात पडलेल्या खोक्यात होती, की कैद्याने सिगारेटींच्या बदल्यात दिली, हे जस्त सांगू शकत नाही.

पण तुमच्याकडे जे आहे ते बाजारातल्या कुठल्याही पट्टीकडे नसतं. ही पट्टी आजोबा परतले तेव्हापासून या घरात आहे. म्हणजे सुवालसारखा युद्धोत्तर मालाचा संशय मुळातच उरत नाही. फोटो, माप, लोहचुंबक, उठावाची अक्षरं, दाबून बसवलेला पत्रा, सगळं गाब्लोंझच्या संघाशी जुळतं. तुमची पट्टी आता इतरांना ताडून बघायला उपयोगी पडेल. म्हणून एकच मागणी : बिजागरी आणि आकडा यांचे जवळून, मोजपट्टी शेजारी ठेवून, दोन फोटो अजून टाका. आणि विकू नका.

कोयनाकाठ

विकायचा प्रश्नच नाही. फोटो टाकतो. बरोबर ठेवायला एक चिठ्ठी लिहिली आहे, बघून सांगा : 'हातघाईच्या लढाईची जर्मन पट्टी, ब्राँझ श्रेणी. ओतीव जस्त, मधे लोखंडी पत्रा. आराखडा पीकहाउस, बर्लिन. काम ए. जी. एम. यु. के., गाब्लोंझ. लांबी 97.6 मिमी. इटलीहून आणली. कशी मिळाली ते घरात दोन प्रकारे सांगतात : आत्या, जर्मन अधिकाऱ्याच्या छातीवरून, काका, बाजारातून. उजवं टोक चिंचेने पांढरं झालं आहे.'

ठेवायला सागवानी डबी करून घेऊ का?

ओतारी

चिठ्ठी चांगली आहे, तशीच राहू दे. लाकडी डबी नको. लाकडातून आम्ल सुटतं आणि बंद डबीत जस्तावर बुरशीसारखा पांढरा थर चढतो, आमच्या जुन्या नमुन्यांचं तसंच झालं. प्लॅस्टिकची साधी डबी, आत आम्ल नसलेला कागद, आणि औषधाच्या बाटलीत येते ती सिलिकाची पुडी. मधल्या लोखंडी पत्र्याला पावसाळ्यात जपा. टाचणी उघडून ठेवू नका, बंदच असू द्या. बिजागरी जस्ताचीच असेल तर एका उघडझापीत तुटेल.